घोट्यातलं लोखंड

४ फेब्रुवारी

मामा,

पत्राची सुरुवात साष्टांग नमस्काराने करतात. माझा एक घोटा सध्या वाकत नाही, तेव्हा सात अंगांवर भागवून घ्या.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही मामीला विचारालच. फोनवर तुम्ही मध्येच बोलता. पत्रात तुम्हाला गप्प बसावं लागतं, आणि ही बातमी मला कुणी मध्ये न बोलता पूर्ण सांगायची आहे. माझ्या घोट्यातलं लोखंड काल निघालं. बोटभर पट्टी आणि तिचे स्क्रू. डॉक्टरबाईंनी ते धुऊन डबीत घालून दिले. एवढ्याशा ऐवजापायी दोन वर्षं बुटाची कड घोट्याला घासत होती, थंडीत पाय ठणकत होता आणि पाच-सहा किलोमीटरच्या पुढे पळता येत नव्हतं.

तुम्हाला आठवत नसेल म्हणून सांगते. दोन वर्षांपूर्वी डोंगरशर्यतीच्या सरावात ओल्या दगडावरून मी घसरले आणि घोटा मोडला. पट्टी बसवून महिन्याभराने मी कुबड्या घेऊन मैदानावर आले. पुढच्या वर्षी मला घ्याल ना, एवढंच विचारलं. तुम्ही सगळ्या पोरींसमोर म्हणालात, "मोडल्या पायाचं घोडं कुणी शर्यतीला नेत नाही," आणि माझ्या जागी त्या उंच मुलीचं नाव घातलंत. प्रशिक्षक म्हणून तुमचं काही चुकलं असेल-नसेल. पण तुम्ही माझे मामा होतात. मला दुडूदुडू चालता येत नव्हतं तेव्हापासून पळायला लावणारे.

त्यानंतर मैदान सुटलं, तुम्ही निवृत्त होऊन मुलाकडे दुसऱ्या शहरात गेलात, आणि आईच्या फोनमधून एकमेकांची ख्यालीखुशाली तेवढी कळत राहिली.

तर मी पुन्हा पळणार आहे. हे परवानगीसाठी लिहीत नाही, माहितीसाठी लिहिते.

दुखत अजिबात नाही.

तुमची भाची

१३ फेब्रुवारी

मामा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी फुशारकीत लिहिलं होतं. भूल उतरली तेव्हा मी उशी चावली. पावलाच्या वरच्या बाजूला अजून मुंग्या येतात, आणि एक जागा अशी आहे की तिथे हात लावला तर दुसऱ्याच कुणाच्या पायाला लावल्यासारखं वाटतं. नस दुखावली आहे, परत येईल, म्हणतात. शिवाय एक स्क्रू हट्टी निघाला. डोकं तुटलं आणि अर्धा आतच राहिला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "राहू दे त्याला. भाडं देत नसला तरी त्रासही देणार नाही."

आई तुमची मोठी बहीण, तुमची अक्का, शोभते. सकाळ-संध्याकाळ पायाखाली उशा रचते आणि वर ऐकवते, "वयाच्या अडतिसाव्या वर्षी माणसं गुडघे सांभाळतात. ही डोंगर शोधते."

परवापासून कामावर जाते. कवळ्या बनवायचं आमचं वर्कशॉप पहिल्या मजल्यावर आहे, त्यामुळे रोजचा व्यायाम फुकटात होतो. फिजिओने जिन्याचा नियम शिकवला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. दिवसभर पाय प्लास्टरच्या पोत्यावर ठेवून मी मेणात दात लावत बसते. काल एका बाईंची कवळी केली. त्यांना पुढच्या दोन दातांत थोडी फट हवी होती, तरुणपणी होती तशी. बसवल्यावर आरसा धरून बराच वेळ हसत बसल्या. आपल्या अंगाचं हरवलेलं काही परत मिळालं की माणूस कसा दिसतो, ते मी आता जरा जास्त नीट बघते.

२२ फेब्रुवारी

टाके निघाले. कुबड्या कपाटामागे गेल्या.

पण डॉक्टरबाईंनी समोर बसवून दम दिला आहे. भिंतीतले खिळे उपटले की भोकं राहतात, तशी हाडात भोकं आहेत. ती भरेपर्यंत हाड कच्चं. चालायचं, पोहायचं, सायकल चालवायची, पण पळायचं नाव नाही. "आत्ता पळालीस आणि घसरलीस तर त्याच भोकांतून मोडेल. मग पट्टी पुन्हा, आणि शर्यत कायमची नाही."

फिजिओला मी मुंगीसाहेब म्हणते, कारण त्याचं एकच पालुपद: मुंगीच्या पावलाने. एका पायावर उभं राहून दात घासायचे. टॉवेल पायाच्या बोटांनी गोळा करायचा. एकेकाळी नव्वद किलोमीटर पळणारी बाई मी, टॉवेल गोळा करताना मला घाम फुटतो.

पोहण्याच्या तलावावर शाळकरी पोरं मला मागे टाकतात. टाकू देत. घोडामैदान जवळच आहे.

९ मार्च

मामा,

काल रात्री मामीचा फोन आला.

स्टुलावर चढून दिवा बदलत होतात म्हणे. घरात तरणाताठा मुलगा आहे, सून आहे. पण नाही, तुम्हालाच चढायचं होतं. खुब्याचं हाड मोडलं, आत सळई घातली, तीही आठवड्यापूर्वी, आणि आम्हाला कळवायचं नाही अशी तुम्ही मामीला शपथ घातलीत. सुंभ जळला तरी पीळ काही जळत नाही.

आधी मी हसले, खरं सांगते. माझ्यातलं लोखंड निघालं आणि तुमच्यात गेलं. आपल्या घराण्यात लोखंडाचा कोटा ठरलेला दिसतो.

मग मामी रडायला लागली आणि माझं हसू गेलं. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी तुम्हाला उभं राहायला सांगितलं होतं. वॉकर पलंगाशी आणून ठेवला. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. जेवण अर्धं टाकता. बोलत नाही. "नुसते पडून राहिले तर छाती भरते, माणूस हातचं जातं, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले गं," मामी म्हणाली. "आणि हे मला काय म्हणतात माहितेय? मोडल्या पायाचं घोडं आहे मी, सोडा मला."

मामा, ते वाक्य तुम्ही मला लावलंत तेव्हा मी गिळलं. आता स्वतःला लावताय, तर मला बोललंच पाहिजे. ते वाक्य चूक आहे. तेव्हाही होतं. मोडक्या पायाचं घोडं आज सकाळी तलावात चाळीस फेऱ्या मारून कामावर गेलं.

मामी, हे पुढचं मोठ्याने वाच आणि ते उशी कानावर घेतील तर उशी काढून घे.

पडल्या पडल्या दोन्ही पावलं पुढे-मागे हलवायची, दर तासाला, पाय सुजू नयेत म्हणून. मांडी आवळायची, पाच आकडे मोजून सोडायची. दुपारी पलंगाच्या कडेला बसायचं, पाय खाली सोडून. चक्कर येते, येऊ दे, जाते. उद्या वॉकर धरून उभं राहायचं. चहाला उकळी येईपर्यंत. मामी, चहा मंद आचेवर ठेव.

रागवायचं असेल तर उभं राहून रागवा. झोपून रागावलेल्या माणसाला कुणी घाबरत नाही.

१८ मार्च

मामीचा फोन. तुम्ही माझं पत्र ऐकून म्हणालात, "ही उंटावरून शेळ्या हाकणारी कोण?" आणि मग उठून बसलात. तिसऱ्या दिवशी उभे राहिलात. चहा उकळून आटला तरी बसायला तयार नव्हतात आणि मामीलाच ओरडलात की दूध कमी घातलं.

आईला सांगितलं तर ती देवासमोर नाही, सरळ गॅलरीत गेली आणि शेजारणीला ओरडून सांगितलं. मग माझ्या खोलीत येऊन माझ्या दुखऱ्या पावलाला तेल लावत बसली. तुमच्यासारखीच आहे ती, फक्त तिला पान्हा लपवता येत नाही.

आता वॉकर घेऊन खिडकीपर्यंत. उद्या दारापर्यंत. घरातल्या वाटेत पसरलेली चटई काढायला सांगा.

६ एप्रिल

मामा, आज पळाले!

एक्स-रे बघून डॉक्टरबाई म्हणाल्या, "भोकं भरत आली. कर सुरू, पण मातीवर." वर्कशॉपमागे जुनं मैदान आहे, गवत वाढलेलं. मुंगीसाहेब हातात शिट्टी घेऊन उभे. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. एक मिनिट! पूर्वी बुटाची नाडी बांधायला मला एवढा वेळ लागायचा.

पहिल्या चार पावलांत मी लंगडत होते. दुखत होतं म्हणून नव्हे, दोन वर्षांची सवय. मुंगीसाहेब ओरडले, "पाय बरा आहे, डोकं लंगडतंय!" मग पाचव्या-सहाव्या पावलाला काहीतरी सुटलं. टाच, चवडा, टाच, चवडा. बुटाची कड घोट्याला लागत होती आणि तिथे काहीच नव्हतं. हाडावर नुसती कातडी, जशी असायला हवी तशी. शिट्टी वाजली तरी मी थांबले नाही. मग खूप बोलणी खाल्ली.

संध्याकाळी घोटा वांग्यासारखा सुजला. बर्फ लावून बसले आहे आणि तोंडावरचं हसू जात नाही. तुम्हाला हे समजेल. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतात, एका मिनिटाचं एवढं काय?

२१ मे

तुमचं कार्ड मिळालं.

पाकिटाबिकिटाच्या भानगडीत न पडता नुसतं कार्ड, आणि त्यावर दोन ओळी: "अक्काने व्हिडिओ पाठवला. चढावर खांदे आखडतेस. हात वापर." नमस्कार नाही, आशीर्वाद नाही, कशी आहेस नाही.

मी ते कार्ड घेऊन जिन्यातच बसले. वर्कशॉपचे मालक जेवून परत येत होते, त्यांना वाटलं कुणी गेलं. "काय झालं?" "मामांचं कार्ड." "बरे आहेत ना?" मी म्हटलं, "पूर्ववत आहेत."

हात वापरले. पाण्याच्या टाकीमागचा चढ न थांबता चढले. तुम्ही बरोबर होतात. हे एकदाच लिहिते, जपून ठेवा.

आणि तुम्ही काठी घेऊन गॅलरीत फेऱ्या मारता असं कळलं. कोणत्या हातात काठी? दुखऱ्या बाजूला धरत असाल तर चूक. चांगल्या बाजूच्या हातात धरायची. मलाही विचित्र वाटलं होतं. करून बघा.

१७ जुलै

मामा,

हे आईला माहीत नाही. मुंगीसाहेबांनाही सांगितलेलं नाही.

चढ जमतो. सपाटीवर आता तीन-चार तास पळते. पण मला उताराची भीती वाटते. साधी नव्हे. वाट खाली वळली की मांड्या ताठ होतात आणि मी म्हाताऱ्या बाईसारखी एकेक पाऊल चाचपत उतरते. रविवारी सोबतच्या सगळ्या बायका खाली पोहोचून केळी खाऊन मोकळ्या झाल्या तरी मी अर्ध्यातच. त्या म्हणाल्या, "सावकाश ये गं, घाई काय." त्यांचा तो प्रेमळपणा मला फार लागला.

हाड भरलं आहे. एक्स-रे मी स्वतः पाहिला. पण दगड ओला दिसला की मला तो आवाज ऐकू येतो. वाळकी काटकी मोडावी तसा. तो आवाज तुम्हीही ऐकलात, तुम्ही दहा पावलांवर होतात. तुम्हाला कधी ऐकू येतो का?

ऑक्टोबरमधल्या डोंगरशर्यतीत शेवटचा टप्पा म्हणजे खिंडीपासून गावापर्यंत नुसता उतार. मी असंच माहिती म्हणून लिहिते.

२८ जुलै

या वेळी पाकीट! आणि अक्षर मामीचं नाही, तुमचं. तुम्ही लिहिलंत ते मी इथे पुन्हा उतरवते, म्हणजे नीट पोहोचलं का ते तुम्हाला कळेल.

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. नाव नोंदवलंस ते अक्काने मला कधीच सांगितलं. आवाज मला रोज ऐकू यायचा. म्हणून तुला परत त्या वाटेवर पाठवायची माझी छाती झाली नाही. पोरींसमोर जे बोललो ते घोड्याबद्दल नव्हतं, माझ्याबद्दल होतं. असो. तू पायाखाली बघतेस म्हणून अडखळतेस. चार पावलं पुढे बघ. पाय आपलं बघून घेतात. मी आज इमारतीचा जिना उतरलो. दुखरा पाय आधी. चढताना तुझ्या मामीने मागून ढकललं."

मामा, "असो" लिहून तुम्ही किती मोठी गोष्ट बाजूला सारलीत! दोन वर्षं मी समजत होते की तुम्हाला माझी किंमत उरली नाही. आणि तुम्ही माझ्याइतकेच घाबरला होतात. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, आणि एवढं वाक्य बोलायला त्याला खुबा मोडावा लागला.

मी रागावलेली नाही. हे वाचून खोलीतल्या खोलीत तीन येरझाऱ्या घातल्या, आईला मिठी मारली, ती म्हणाली, "तेल सांडेल," आणि मग बूट घालून पाण्याच्या टाकीवर गेले. वर जाऊन खाली बघितलं नाही. चार पावलं पुढे बघितलं. पहिल्यांदा अडखळले. दुसऱ्यांदा कमी. तिसऱ्यांदा उतरताना मला वारा लागला. उतारावर वारा लागतो, हे मी विसरूनच गेले होते.

३० सप्टेंबर

शर्यत पंधरवड्यावर आली. जोडे ठरले, मोजे ठरले. डॉक्टरबाईंनी घोटा हातात घेऊन असा फिरवला जसा गृहिणी भाजी निवडताना फिरवते, आणि म्हणाल्या, "जा. पडलीस तर माझ्याकडे येऊ नकोस." मुंगीसाहेब स्वतः खिंडीत पाणी द्यायला उभे राहणार आहेत. गाडीने जाणार, पण मुंगीच्या पावलाने हे नक्की.

ती उंच मुलगीही शर्यतीत आहे. गेली दोन वर्षं तीच पहिली आली. तुमची निवड चांगली होती, तेही मान्य.

तुम्ही प्रवास करू नका. तुमच्या डॉक्टरांचं ऐका. मी सगळं लिहून कळवेन.

१६ ऑक्टोबर

मामा,

बोटं अजून सुजलेली आहेत, अक्षर लावून घ्या.

पहाटे धरणाच्या भिंतीवरून निघालो. कुणाला दिसू नये म्हणून मी मागच्या रांगेत उभी राहिले. पहिले कितीतरी तास सांगण्यासारखं काही नाही. तुम्हाला माहीत आहेच, लांब पल्ल्यात अर्धा वेळ माणूस खात असतो आणि अर्धा वेळ स्वतःशी भांडत. चढावर खांदे सैल सोडले. एकेक बाई मागे पडत गेली. दुपारी धुकं आलं आणि मग बारीक पाऊस. म्हटलं, ठीक आहे, ओले दगडही आले, आता कुणाला बोलवायचं राहिलं नाही.

खिंडीत मुंगीसाहेब भिजून चिंब. "ती थोडीच पुढे आहे. पण उतार आहे, विचार कर. दुसरा नंबर म्हणजे काही वाईट नाही." मी पाणी प्यायले. बाटली त्यांच्या हातात दिली. विचार केलाच नाही.

पहिल्या वळणावर डावा पाय मुरगळला. तोच. दगड हलला आणि घोटा बाहेर गेला. मी थांबले. धुक्यात आजूबाजूला कुणी नाही. वाट बघितली, त्या आवाजाची. आला नाही. पाऊल टेकवलं, भार दिला, पूर्ण भार. घोट्याने तो उचलला. मामा, मी तिथे एकटीच मोठ्याने हसले आणि निघाले.

मग मी खाली बघितलं नाही. चार पावलं पुढे, फक्त चार पावलं. पाय दगड निवडत होते आणि मी नुसती त्यांच्या मागून जात होते. उतार असा येत होता जसं कुणी सतरंजी उलगडत नेतंय. झाडी संपली तिथे ती दिसली. लांब पाय, जपून टाकत होती. माझ्या बुटांचा आवाज ऐकून वळली.

"ताई? तू? तुझा तो पाय?"

"तोच," म्हटलं, आणि पुढे गेले.

मागून ती ओरडली, "मामांना सांग, मी सोडणार नाही!" आणि खरंच सोडलं नाही. गावाच्या पहिल्या घरांपर्यंत तिचा श्वास माझ्या पाठीवर होता. शेवटचा रस्ता दगडी, दोन्ही बाजूंना माणसं, छत्र्या, कुणीतरी पातेलं वाजवत होतं. तिथे मी जे पळाले ते मला सांगता येणार नाही. फीत छातीला लागली तेव्हा कळलं की ती मागे राहिली. बायकांत पहिली, मामा. सगळ्यांत पाचवी. ती येऊन माझ्या गळ्यात पडली, आणि आम्ही दोघी एकमेकींच्या आधाराने उभ्या राहिलो, कारण एकटीला कुणालाच उभं राहता येत नव्हतं.

आई कडेला होती. छत्री उघडायची विसरली होती. तिने फोन माझ्या कानाला लावला आणि तुमचा श्वास ऐकू आला. मी म्हटलं, "मामा." तुम्ही विचारलंत, "उताराला किती वेळ लागला?" मी सांगितलं. मग म्हणालात, "खोटं बोलतेस," आणि तुमचा आवाज फाटला, आणि मामीने फोन घेतला.

पुढचं तिने सांगितलं. तिला वाटलं तुम्ही पाणी प्यायला आत गेलात. पण दार उघडं, काठी खुंटीला तशीच. ती गॅलरीत धावली. खाली रस्त्यावर तुम्ही होतात. काठीशिवाय, चप्पल उलटसुलट घातलेली, कठडा नाही, आधार नाही. कोपऱ्यावरच्या न्हाव्याला हात धरून दुकानाबाहेर काढलं होतंत, त्याच्या खुर्चीतला माणूस अर्ध्या दाढीने दारात आला होता, आणि त्या दोघांना तुम्ही आपल्या दोन्ही पायांवर घट्ट उभं राहून, हातवारे करत, माझा उतार दगडादगडाने सांगत होतात. जसे काही तुम्ही तिथे होतात.